न्यूयॉर्कचा सुतार डंकन फाईफ

राजे व सेनापति यांचीं चरित्रें आमचे वाचक नेहमीच वाचतात. आज आम्ही एका सुताराचें चरित्र त्यांच्यापुढें ठेवीत आहों.

डंकन फाईफ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्कॉटलंडमध्यें जन्मला. लहानपणींच तो आईबापांबरोबर अमेरिकेंत आला. १७९२ सालच्या न्यूयॉर्क शहराच्या नामसूचींत सुतार म्हणून त्याचें नांव आढळतें. लौकरच त्यानें आपल्या आडनांवाचें इंग्रजी स्पेलिंग बदललें. उच्चार तोच ठेविला. नवें स्पेलिंग दुकानाच्या पाटीवर अधिक शोभिवंत दिसत असावें, असें आम्हांस वाटतें!

इटलींत हर्क्युलेनियम येथें १७३८ त व पाँपेई येथें १७४८ त खोदकाम सुरू होऊन राखेखालीं गाडलेलीं रोमन घरें उजेडांत आलीं होतीं. तेथील वीणा, सिंह, कलश इत्यादि आकृति युरोपांत घरोघरच्या सामानावर दिसूं लागल्या. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या अमेरिकेनेंही, प्राचीन प्रजासत्ताकांचें स्मरण म्हणून, त्या आवडीनें उचलल्या. फाईफच्या महोगनी मेजांचे पाय पुष्कळदां पितळी सिंहपंजांत संपतात व त्यांखालीं लहान चाकें असतात. खणांना सिंहाच्या मुखांत अडकविलेल्या पितळी कड्या असतात.

परंतु हें पितळकाम फाईफच्या हातचें नव्हे. तें बहुतेक इंग्लंडांतील बर्मिंगहॅमहून जहाजानें येई. तेथें पितळेचा पातळ पत्रा पोलादी ठशांत दाबून नक्षी उठवीत. जाड नग ओतून काढीत. सोनेरी मुलाम्याचे अलंकार फ्रान्सांतून येत. १८०३ सालीं न्यूयॉर्कला आलेल्या लानुईए या फ्रेंच सुतारानें ते विपुल वापरले व फाईफनेंही ते घेतले. हा मुलामा देण्यासाठीं सोनें पाऱ्यांत कालवून धातूवर फांसीत व तो नग विस्तवावर धरीत. पारा उडून जाई, सोनें राही; आणि त्या विषारी वाफेनें कारागीर खंगत. मेज मात्र सुताराच्या नांवानें ओळखलें जाई.

भरभराटीच्या काळांत फाईफच्या हाताखालीं शंभरांहून अधिक कामगार होते, असें सांगतात. पुढें लोकांची आवड पालटली. १८४७ सालीं त्यानें दुकान बंद करून उरलेला माल लिलांवांत विकला व १८५४ त तो वारला. आपल्या कामावर तो क्वचितच नांवाची चिठ्ठी लावी. त्यामुळें पुढें इतरांचेंही पुष्कळ काम त्याच्याच नांवावर खपलें. १९२२ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें त्याच्या कारखान्यांतील सामानाचें प्रदर्शन भरविलें. त्याची हत्यारांची पेटीही त्याच शहरांतील ऐतिहासिक संस्थेनें जतन केली आहे.