क्लॅरेन्स स्टाइन

क्लॅरेन्स सॅम्युएल स्टाइन (१९ जून, १८८२ - ७ फेब्रुवारी, १९७५) हे अमेरिकन वास्तुविशारद व नगररचनाकार होते. मोटारींचे रस्ते आणि पादचाऱ्यांच्या वाटा परस्परांपासून वेगळ्या करणारी न्यू जर्सीतील रॅडबर्न ही वसाहत त्यांनी हेन्री राइट यांच्यासह आखली.

पूर्वायुष्य

स्टाइन यांचा जन्म रॉचेस्टर येथे झाला. बालपण न्यूयॉर्क शहरात गेले. पॅरिसमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी बर्ट्रम गुडह्यू यांच्या कार्यालयात काम केले. १९२३ मध्ये लुईस ममफोर्ड, बेंटन मॅकाय आदींसह त्यांनी प्रादेशिक नियोजनासाठी एक संघटना स्थापन केली. इंग्लंडमधील उद्याननगरांचा त्यांच्यावर प्रभाव होता.

न्यूयॉर्कमधील सनीसाइड गार्डन्स (१९२४-२८) येथे त्यांनी व राइट यांनी घरांच्या मागे सामायिक बागा राखल्या. मात्र तेथील रस्त्यांची चौकोनी जाळी आधीच ठरलेली होती व ती बदलण्यास परवानगी मिळाली नाही. त्यामुळे पुढील प्रयोगासाठी मोकळी जमीन शोधण्यात आली.

रॅडबर्न

रॅडबर्नमध्ये १९२९ साली पहिली कुटुंबे राहावयास आली. अमेरिकेत मोटारींची संख्या वेगाने वाढत होती आणि अपघातांत बळी पडणाऱ्या मुलांचा प्रश्न गंभीर झाला होता. येथे वाहतुकीचे रस्ते मोठमोठ्या भूखंडांच्या कडेने नेले. घरांपर्यंत मोटार पोहोचे ती फक्त आखूड, पुढे बंद असलेल्या गल्लीतून. स्वयंपाकघराची बाजू गल्लीकडे, तर बैठकीची व निजण्याची खोली बागेकडे होती. भूखंडाच्या मध्यभागी सलग उद्यान होते. मोठा रस्ता आडवा आला तेथे भुयारी मार्ग केल्याने मुलांना वाहनांचा रस्ता न ओलांडता शाळेत जाता येई. उद्यानांची रचना मार्जोरी सेवेल कॉटली यांनी केली.

या योजनेतील अर्थशास्त्र सहसा दुर्लक्षित राहते. रस्ते कमी व अरुंद केल्याने जमीन वाचली, जलवाहिन्यांची लांबीही घटली. या बचतीतून उद्यानांचा खर्च भागतो, असे स्टाइन यांचे प्रतिपादन होते. म्हणजे रस्त्याची जमीनच बाग झाली.

सुमारे २५,००० रहिवाशांसाठी योजलेली ही वसाहत महामंदीमुळे अपुरी राहिली आणि तिची विकासक कंपनी दिवाळखोर झाली.

उत्तरकाळ व प्रभाव

मेरीलँडमधील ग्रीनबेल्ट या शासकीय नगरासाठी स्टाइन सल्लागार होते. लॉस एंजेलिसमधील बाल्डविन हिल्स व्हिलेजमध्ये मोटारी वसाहतीच्या कडेला ठेवून मधली जागा हिरवळीला दिली गेली. चंदीगडच्या पहिल्या आराखड्यावर काम करणाऱ्या अल्बर्ट मेयर यांच्या चमूलाही त्यांनी सल्ला दिला.

पुढे असंख्य उपनगरांनी रॅडबर्नची बंद गल्ली तेवढी उचलली. पायवाटा आणि उद्याने मात्र वगळली. परिणामी अशा ठिकाणी जवळच्या दुकानापर्यंतही मोटारीवाचून जाणे अवघड झाले. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये, रस्त्यावरील वर्दळ हीच शहराची सुरक्षितता असते, या भूमिकेतून स्टाइन यांच्या विचारधारेवर टीका केली.

स्टाइन यांना १९५६ मध्ये अमेरिकन वास्तुविशारद संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. अभिनेत्री अलीन मॅकमेहन या त्यांच्या पत्नी होत. रॅडबर्नला २००५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला.