मानापमान आणि संत जुझे वाझ



यंदा फेस्ताला माझं नाव घेतलं नाही, म्हणून मी रुसून घरी बसलो. तेव्हा संत जुझे वाझ आठवले. जन्म १६५१, बाणावली. कुलीन ब्राह्मण घराणं. पण १६८७ मध्ये ते मजुराच्या वेशात सिलोनला गेले. कँडीत हेर समजून त्यांना तुरुंगात टाकलं. १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी टाकून दिलेल्या रुग्णांची सेवा केली. पुढे मोठं पद चालून आलं, तेही नाकारलं. १७११ त कँडीतच वारले. सगळा भार देवाच्या दयेवर, मग मानाची भूक कशाला उरेल? माझा अहंकार माझ्या बळाने जात नाही. तीच दया मागतो. येत्या रविवारी मिसेला जाऊन खुर्च्या मांडीन म्हणतो.

– एक वाचक, डिचोली