किंग टबी : ध्वनियंत्रांचा एक कारागीर

भाद्रपद महिन्यात ज्यांच्या घराच्या खिडक्यांची तावदाने 'डॉल्बी'च्या भिंतीपुढे थरथरली आहेत, अशा पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांस ध्वनिवर्धकांची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. परंतु अशाच ध्वनिवर्धकांच्या मागे उभा राहून, तारा जोडता जोडता, एका सबंध देशाच्या संगीतास निराळे वळण लावणारा एक कारागीर जमैका बेटावर होऊन गेला, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. जगातील संगीतप्रेमी त्यांस किंग टबी ह्या नावाने ओळखतात. ज्या विद्यार्थ्यांचे वडील भोसरीस अथवा चाकणास कारखान्यात वायरमन वा फिटर आहेत, त्यांनी हे चरित्र वडिलांसमवेत बसून वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

त्यांचे खरे नाव ऑसबोर्न रुडॉक. जन्म २८ जानेवारी १९४१ रोजी किंग्स्टन शहरी झाला. जमैका त्या काळी इंग्रजांच्या ताब्यात होते व १९६२ साली ते स्वतंत्र झाले. १८४५ पासून आपल्या देशातील मजूरही करारावर त्या बेटावर नेले जात, ही गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. १९५५ च्या सुमारास रुडॉक कुटुंब वॉटरहाउस नावाच्या गरीब वस्तीत राहावयास गेले. तेथे ह्या मुलाने विद्युत्-यंत्रांचे शिक्षण घेतले व बिघडलेले रेडिओ दुरुस्त करण्याचा धंदा आरंभिला.

त्या बेटावरील गरिबांस वाद्यवृंद बोलाविणे परवडत नसे. सबब मोकळ्या अंगणात मोठाले ध्वनिवर्धक मांडून त्यांवर तबकड्या वाजवावयाच्या व लोकांनी नाचावयाचे, अशी चाल पडली होती. ह्या सरंजामास तेथे 'साउंड सिस्टिम' म्हणत. मालकामालकांत चढाओढ इतकी की, प्रतिपक्षाचे यंत्र बिघडविण्यासही काही जण मागेपुढे पाहत नसत. अशी बिघडलेली यंत्रे रुडॉक ह्यांच्याकडे येत. ट्रान्सफॉर्मरची वेटोळी ते स्वहस्ते गुंडाळीत, अँप्लिफायर स्वतः बांधीत. पुढे त्यांनी स्वतःचा 'होमटाउन हाय-फाय' नावाचा संच उभारला. त्याच्या स्वच्छ, भरदार आवाजाची व प्रतिध्वनीच्या करामतीची कीर्ती साऱ्या किंग्स्टनमध्ये झाली.

ह्याच सुमारास ड्यूक रीड नावाच्या निर्मात्याकडे ते तबकड्या कोरण्याचे काम करीत. त्या काळची एक हकीकत प्रसिद्ध आहे. १९६८ च्या आसपास एका तंत्रज्ञाच्या हातून तबकडी कोरताना गायकाचा आवाज घालावयाचाच राहून गेला. ती तबकडी नाचाच्या ठिकाणी वाजताच लोक रिकाम्या जागी स्वतःच गाऊ लागले! चूक त्या तंत्रज्ञाची होती. तिच्या पोटी दडलेली विद्या बाहेर काढली ती पुढे आमच्या चरित्रनायकाने.

ती विद्या अशी. त्या काळी गाणे चार पट्ट्यांच्या फितीवर मुद्रित होई. ढोल एका पट्टीवर, खर्जाची गिटार दुसऱ्या, इतर वाद्ये तिसऱ्या व गायकाचा आवाज चौथ्या पट्टीवर, असे साधारणपणे समजावे. १९७२ च्या सुमारास टबी ह्यांनी एका मोठ्या मुद्रणगृहातून जुने झालेले चार पट्ट्यांचे मिश्रणयंत्र विकत घेतले व ड्रॉमिली अॅव्हेन्यूवरील आईच्या लहानशा घरात बसविले. गायकास उभे राहावयास निराळी खोली नव्हती. न्हाणीघर होते, तेच त्यांनी कामास लाविले. यंत्रावर बसून ते गायकाची पट्टी मध्येच बंद करीत. दोन शब्द ऐकू येत, तिसऱ्यावर आवाज नाहीसा होई. तोच शेवटचा शब्द प्रतिध्वनीत टाकला जाऊन विहिरीत हाक मारावी तसा घुमत घुमत विरे आणि खाली केवळ ढोल व खर्ज चालू राहत. ह्या प्रकारास 'डब' म्हणतात. जेकब मिलर ह्या गायकाच्या गीतावर ऑगस्टस पाब्लो ह्यांच्यासाठी त्यांनी केलेले 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन' हे काम त्याचा उत्तम नमुना होय. त्याच नावाचा संग्रह १९७६ साली निघाला. मिलर ह्यांचे गाणे त्यात जागोजाग तुटले आहे, आणि तरीही एकेक तुकडा मनात रुतून बसतो.

हल्ली संगणकावर संगीत जुळविणारे आमचे काही माजी विद्यार्थी ह्याच पद्धतीचे डब करू पाहतात. त्यांस गायक मिळत नाही. म्हणून ते आवाजाच्या तुकड्यांचे तयार संच विकत घेतात. एखाद्या गायकाने उच्चारलेली हाक, आलाप वा अर्धी ओळ, सूर व लय नोंदवून, वापरण्याच्या परवान्यासह त्यांत दिलेली असते. सोय मोठी आहे, ह्यात संशय नाही. परंतु एक भेद आमच्या नजरेस आला. टबी ह्यांच्या हाती सबंध गाणे असे, व त्यातील काय गाळावयाचे हे ते ठरवीत; गाळलेले शब्दही ऐकणाऱ्यास पाठ असत. संचातील तुकड्यामागे गाणेच नसते. सबब त्याला प्रतिध्वनी कितीही दिला तरी पुष्कळदा तो पोरका वाटतो. एका विद्यार्थ्यास आम्ही सुचविले की, आधी आपल्या आजीची एखादी ओवी सबंध मुद्रित करावी, व मग तिची परवानगी घेऊन कात्री चालवावी. परवानगीचा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. कारण जमैकात १९९३ पर्यंत स्वतःचा आधुनिक स्वामित्वहक्काचा कायदा नव्हता, आणि ज्यांचे आवाज व वाद्ये कापून तबकड्या खपल्या, त्यांतील पुष्कळांच्या पदरी फारसे काही पडले नाही. टबी ह्यांच्या थोरवीबरोबर हेही सांगितले पाहिजे.

असो. टबी हे नीटनेटके व कामात काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते. प्रिन्स जॅमी, सायंटिस्ट, फिलिप स्मार्ट हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पैकी जॅमी ह्यांनी १९८५ साली एका लहानशा कॅसिओ वाद्याच्या तयार ठेक्यावर 'स्लेंग टेंग' काढून गुरूसच पेचात टाकिले. तेव्हा पंचेचाळिशीकडे झुकलेल्या टबी ह्यांनी रुसून न बसता नवे मुद्रणगृह उभारले, नव्या यंत्रांवर हात बसविला व त्याच वर्षी 'टेंपो' हे गाणे काढून शिष्यास उत्तर दिले.

६ फेब्रुवारी १९८९ रोजी मुद्रणगृहातील काम आटोपून ते ड्युहेनी पार्क येथील आपल्या घरी परतले असता दारातच अज्ञात इसमाने त्यांच्यावर गोळी झाडली. वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. हेतू चोरीचा असावा असे म्हणतात. मारेकरी सापडला नाही. २०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीतास मानवजातीच्या वारशात स्थान दिले. जेकब मिलर हे तर त्यांच्याही आधी, १९८० साली, मोटार-अपघातात वारले होते. त्यांचा तो तुटक आवाज शाळेच्या यंत्रावर आम्ही ह्या वर्षी आठवीच्या वर्गास ऐकविला. मुलांनी तो पुन्हा लावावयास सांगितला.