पिस्तुलाच्या मुठीत १३ गोळ्या बसल्या कशा? जॉन ब्राउनिंगची गोष्ट

सेवाग्राममध्ये बसून पिस्तुलावर लिहायचं म्हणजे आधी थोडं अवघडल्यासारखंच होतं. पण ही गोष्ट सुरू इथूनच होते. गांधीजी १९४६ मध्ये सेवाग्राममधून निघाले ते परत आलेच नाहीत. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत ज्या पिस्तुलातून त्यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, ते इटलीचं बेरेटा एम १९३४ होतं. मॅगझीन सात गोळ्यांचं. पिस्तूल इटालियन, पण त्यातलं .३८० काडतूस अमेरिकेतल्या एका माणसाने डिझाइन केलेलं होतं आणि ते १९०८ मध्ये बाजारात आलं होतं. तो माणूस म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंग.

शूटिंग स्पर्धांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. खेळाडू पळत पळत धडाधड गोळ्या मारतोय आणि पिस्तुलाखालून लांबलचक मॅगझीन बाहेर आलेलं दिसतंय. एवढ्या गोळ्या आत बसतात कशा? याचं उत्तर ब्राउनिंगच्या आयुष्यात आहे, आणि गंमत म्हणजे अर्धं उत्तर त्याच्या मृत्यूनंतरचं आहे.

भंगारातली पहिली बंदूक

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटाह भागातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन बंदुका बनवायचे. घरात तीन बायका, २२ मुलं. जास्त गोळ्या भरायचा नाद खरं तर वडिलांपासूनचा. त्यांनी एक रायफल बनवली होती, तिच्यात गोळ्यांची एक पोलादी पट्टी आडवी सरकवायची. बाजा वाजवताना हार्मोनिका तोंडापुढे सरकवतात ना, तशी. म्हणून तिचं नावच हार्मोनिका रायफल पडलं.

जॉनने दहाएक वर्षांचा असताना दुकानातल्या भंगारातून पहिली बंदूक जुळवली. १८७९ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्याला पहिलं पेटंट मिळालं, एका वेळी एकच गोळी भरता येणाऱ्या रायफलचं. म्हणजे कपॅसिटी एक! १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा माणूस ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलर मोजून ती रायफल घेऊन गेला. त्यानंतर पेटंटची रांगच लागली. आयुष्यभरात १२८.

तो स्वतः स्पर्धांमध्येही उतरायचा. भाऊ मॅट आणि दोन मित्र मिळून त्यांची चौघांची टीम होती. चौघांचीही आडनावं बी अक्षराने सुरू व्हायची, म्हणून लोक त्यांना चार बी म्हणायचे. अशाच एका नेमबाजीच्या वेळी त्याला दिसलं की गोळी सुटली की नळीतून येणाऱ्या वायूच्या झोताने समोरचं गवत आडवं होतं. ही ताकद वाया जातेय, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यातून आपोआप पुढची गोळी भरणारी शस्त्रं तयार झाली. आज जवळपास प्रत्येक पिस्तुलावर मागे-पुढे होणारी स्लाइड असते, तीही ब्राउनिंगचीच देणगी.

विंचेस्टरशी पुढे रॉयल्टीवरून फिसकटलं. मग बेल्जियममधल्या लिएज शहराजवळची एफएन ही कंपनी त्याचं दुसरं घर झाली.

सात गोळ्यांची भिंत

२९ मार्च १९११ ला अमेरिकी सैन्याने त्याचं .४५ चं पिस्तूल स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडकलं नाही. तरी मॅगझीन मात्र फक्त सात गोळ्यांचं. का?

मॅगझीन म्हणजे एक डबा, तळाला स्प्रिंग आणि स्प्रिंगवर गोळ्या वर ढकलणारा एक तुकडा. हा डबा पिस्तुलाच्या मुठीत बसतो, आणि मूठ माणसाच्या पंजात मावायला हवी. फोनमध्ये मोठी बॅटरी टाकली की फोन जाड होतो, तसंच हे. .४५ चं काडतूस जवळपास १२ मिलिमीटर जाड. एकावर एक सात ठेवले की मूठ भरली. आठवा हवा असेल तर मूठ लांबवा, नाहीतर काडतूस बारीक करा.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या सैन्याला किमान दहा गोळ्यांचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल हवं होतं. एफएनने ब्राउनिंगला विचारलं. ९ मिलिमीटरचं काडतूस बुडाशी सुमारे १० मिलिमीटर जाड असतं. १३ गोळ्या एकाच रांगेत ठेवल्या तर १३ सेंटीमीटरचा नुसता गोळ्यांचाच मनोरा होतो. स्प्रिंगची जागा वेगळीच. अशी मूठ कोण धरणार!

इथे गोष्टीत दुसरा माणूस येतो, एफएनमधला डिझायनर दिउदोने सैव. आपल्या विदर्भातल्या कुणालाही त्याची युक्ती लगेच कळेल. संत्र्यांची पेटी भरताना एका संत्र्याच्या बरोबर डोक्यावर दुसरं कुणी ठेवत नाही, दोन संत्र्यांच्या मधल्या खाचेत तिसरं बसवतात. सैवने गोळ्या तशाच, दोन रांगांत एकमेकींच्या खाचेत बसवल्या. डबा थोडा रुंद झाला, पण उंची खूप वाचली.

खरी कसोटी मात्र वरच्या टोकाला होती. दोन रांगा पिस्तुलात शिरताना एकाच रांगेत आल्या पाहिजेत, नाहीतर गोळी तिरकी चढते आणि पिस्तूल अडकतं. म्हणून डबा वर निमुळता केला. दोन लेनचा रस्ता पुलावर एक लेनचा होतो ना, तसा. तिथे गर्दी कोंडू न देणं हेच सगळं कौशल्य.

या मॅगझीनभोवती ब्राउनिंगने पिस्तुलाचे दोन नमुने तयार केले आणि १९२३ मध्ये पेटंटचा अर्ज केला. पण तयार पिस्तूल काही त्याने पाहिलं नाही. २६ नोव्हेंबर १९२६ ला लिएजच्या कारखान्यातच, मुलाच्या ऑफिसमध्ये, हृदय बंद पडून तो गेला. पिस्तूल सैवने पूर्ण केलं. १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने ते घेतलं, ब्राउनिंग हाय-पॉवर या नावाने, १३ गोळ्यांच्या मॅगझीनसह. ज्या फ्रान्ससाठी हा सगळा खटाटोप, त्यांनी ते घेतलंच नाही.

स्पर्धेत काय होतं?

सगळ्या स्पर्धांमध्ये मोठं मॅगझीन लागतं असं नाही. ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात, म्हणजे ज्यात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तिथे पाच-पाच गोळ्यांच्या फेऱ्या असतात. तिथे कपॅसिटी वाढवून काडीचाही फायदा नाही.

पळत पळत नेम धरायचा तो खेळ वेगळा, आयपीएससी. ही संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिथे मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ, असा हिशेब असतो. एका मोठ्या फेरीत ३२ पर्यंत गोळ्या लागू शकतात. मधे मॅगझीन बदललं की वेळ गेला. म्हणून खेळाडूंनी ब्राउनिंगच्या १९११ च्या पिस्तुलालाच दोन रांगांचं मॅगझीन बसवलं आणि त्याचा तळही लांबवला. म्हणजे आधी ब्राउनिंगचं पिस्तूल आणि मग सैवची युक्ती, फक्त सत्तरेक वर्षांनी.

पण फुकट काहीच मिळत नाही. गोळ्या वाढल्या की त्यांचं वजन वाढतं. स्लाइड डोळ्याचं पातं लवायच्या आत मागे जाऊन पुढे येते, तेवढ्यात स्प्रिंगला पूर्ण ढीग वर उचलायचा असतो. स्प्रिंग कमी पडली तर स्लाइड रिकामीच पुढे येते. जास्त कडक असली तर शेवटच्या गोळ्या भरताना अंगठा दुखून येतो. शिवाय ही शर्यत अशीच चालू राहिली असती तर मॅगझीन गुडघ्यापर्यंत लोंबलं असतं! म्हणून नियमांनी फूटपट्टी आणली. ओपन गटात मॅगझीन जास्तीत जास्त १७० मिलिमीटर, त्यात तीसच्या आसपास गोळ्या बसतात. प्रॉडक्शन गटात तर सुरुवातीला १५ च गोळ्या भरायच्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. व्हिडिओ बघून घरी यातलं काहीही करू नका. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा त्याचे भाग बनवणं गुन्हा आहे. आवड असेल तर रायफल क्लबमध्ये जा आणि एअर पिस्तुलापासून सुरू करा.

मला स्वतःला एक गोष्ट खटकत राहते. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या पत्नीला मारणारं पिस्तूल ब्राउनिंगचं होतं, काडतूस तेच .३८०. तिथे दोन गोळ्या पुरल्या आणि महायुद्ध पेटलं. दिल्लीत तीन. मॅगझीन सातचं की तेराचं, याने तिथे काहीच फरक पडला नसता. फरक पडतो तो फक्त स्टॉपवॉच लावलेलं असतं तिथे.

आणि सैव? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर तो निसटून इंग्लंडला गेला. तिथल्या आराखड्यांवरून कॅनडात हाय-पॉवर बनू लागलं आणि पुढे त्याच कॅनडाच्या नमुन्यावरून आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ९ मिलिमीटरचं पिस्तूल १ए बनवलं. मॅगझीन तेच, १३ गोळ्यांचं. सैवने युद्धानंतर एफएएल नावाची रायफल केली, जिच्यावरून भारताने एसएलआर बनवली. बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावर लाकडी दस्त्याची लांब रायफल पाहिली असेल तुम्ही, तीच ती. तिच्यावर सैवचं नाव कुठेच नाही. पिस्तुलावर आहे ते ब्राउनिंगचं.