विश्लेषण: ऐकीव माहितीवर जग रेखाटणारे एर्जे एका चिनी मित्रामुळे कसे बदलले? टिनटिनच्या निर्मात्याची गोष्ट

पॅरिसमध्ये जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या एका लिलावात कागदावरच्या एका रंगीत चित्राला सुमारे ३२ लाख युरो मिळाले. चित्रकथेच्या चित्राला तोवर इतकी किंमत कधीच मिळाली नव्हती. चित्रात एक भलामोठा ड्रॅगन आहे आणि चिनी मातीच्या फुलदाणीतून भेदरून डोकावणारा टिनटिन व त्याचा कुत्रा आहे. ‘द ब्लू लोटस’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी १९३६ मध्ये काढलेले हे चित्र छपाईला महाग पडेल म्हणून तेव्हा बाजूला ठेवले गेले होते. ते काढणारे बेल्जियन चित्रकार म्हणजे एर्जे. टिनटिनच्या पुस्तकांच्या आजवर २० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. मात्र याच पुस्तकांवर वर्णद्वेषाचा आरोप झाला, एकावर तर खटलाही चालला. एकाच माणसाच्या हातून हे दोन्ही कसे घडले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या आयुष्यातील एक मैत्री पाहावी लागते.

एर्जे कोण होते?

त्यांचे खरे नाव जॉर्ज रेमी. जन्म २२ मे १९०७ रोजी ब्रसेल्सच्या एटरबेक भागात, मध्यमवर्गीय घरात झाला. पहिल्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना हा मुलगा वहीच्या समासात चित्रे काढत असे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी जवळजवळ घेतलेच नाही. पुढे स्काऊटच्या मासिकासाठी चित्रे काढताना त्यांनी नावाची आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले. आर आणि जी या अक्षरांचा फ्रेंच उच्चार म्हणजे ‘एर-जे’.

शिक्षण संपल्यावर त्यांना ब्रसेल्समधील ‘ल व्हँतियेम सिएक्ल’ या दैनिकाच्या वर्गणी विभागात नोकरी मिळाली. हे कट्टर कॅथलिक, उजव्या विचारांचे वृत्तपत्र होते आणि त्याचे संपादक नॉर्बेर वालेझ हे धर्मगुरू होते. नोव्हेंबर १९२८ मध्ये दैनिकाने मुलांसाठी साप्ताहिक पुरवणी सुरू केली आणि ती २१ वर्षांच्या रेमी यांच्या हाती सोपवली.

टिनटिनचा जन्म कसा झाला?

१० जानेवारी १९२९ च्या पुरवणीत टिनटिन पहिल्यांदा दिसला. तरुण बातमीदार, गोल चेहरा, कपाळावर उभा राहिलेला केसांचा झुपका आणि सोबत पांढरा कुत्रा. या कुत्र्याला फ्रेंचमध्ये मिलू, तर इंग्रजीत स्नोई म्हणतात. संपादकांना मुलांच्या मनात साम्यवादाविरोधात मत तयार करायचे होते, त्यामुळे पहिल्याच मोहिमेवर टिनटिनला सोव्हिएत रशियाला पाठवण्यात आले. एर्जे कधी रशियाला गेले नव्हते. बेल्जियमच्या एका माजी राजनैतिक अधिकाऱ्याने लिहिलेले एकच साम्यवादविरोधी पुस्तक हा त्यांचा आधार होता.

तरीही चित्रमालिका तुफान चालली. मालिका संपताना मे १९३० मध्ये दैनिकाने एका मुलाला टिनटिनचा वेश देऊन रेल्वेने ब्रसेल्सच्या स्थानकावर उतरवले, तेव्हा त्याला पाहायला मोठी गर्दी लोटली. खप वाढल्याने कोणी काही विचारले नाही.

‘टिनटिन इन द काँगो’वर आक्षेप कशासाठी?

काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती. तरुणांनी तिकडे नोकरीला जावे, असे वालेझ यांना वाटत होते. म्हणून १९३० मध्ये टिनटिनची दुसरी मोहीम काँगोला निघाली. एर्जे तेथेही गेले नव्हते. ब्रसेल्सजवळच्या वसाहतीच्या वस्तुसंग्रहालयातील वस्तू आणि आजूबाजूला रोज कानावर पडणाऱ्या गोष्टी यांवरूनच त्यांनी चित्रे काढली.

परिणाम उघड होता. पुस्तकातील आफ्रिकी माणसे बालिश, आळशी आणि गोऱ्या पाहुण्यापुढे लोटांगण घालणारी आहेत. एका प्रसंगात टिनटिन आफ्रिकी मुलांना त्यांचा देश बेल्जियम असल्याचे शिकवतो. प्राण्यांची शिकार तर पानोपानी आहे. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत एर्जे यांनी हा धडा काढून त्याजागी बेरीज शिकवणारा टिनटिन घातला. पुढे १९७५ मध्ये स्कँडिनेव्हियातील प्रकाशकांच्या आग्रहावरून गेंड्याला स्फोटकाने उडवण्याचा प्रसंगही बदलला गेला. मात्र माणसांची चित्रे तशीच राहिली. या पुस्तकावर बंदी घालावी, अशी मागणी करणारी तक्रार एका काँगोली नागरिकाने २००७ मध्ये बेल्जियममध्ये केली. २०१२ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ब्रिटनमध्ये काही दुकानांनी हे पुस्तक मुलांच्या कपाटातून काढून मोठ्यांच्या विभागात ठेवले.

चांग चोंग-जेन यांच्या भेटीने काय बदलले?

टिनटिनची पुढची मोहीम चीनमध्ये असल्याची घोषणा १९३४ मध्ये झाली. तेव्हा लुव्हँ विद्यापीठात शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांचे धर्मगुरू फादर गोसे यांनी एर्जे यांना पत्र पाठवले. हे विद्यार्थीही पुरवणी वाचतात, चिनी माणूस म्हणजे लांब वेणी आणि क्रौर्य असे ठरावीक चित्र छापले तर त्यांना वाईट वाटेल, असा त्याचा आशय होता. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिकणाऱ्या एका चिनी तरुणाशी त्यांनी एर्जे यांची गाठ घालून दिली.

चांग चोंग-जेन मूळचे शांघायचे. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, १९०७ चा. १ मे १९३४ रोजी ते पहिल्यांदा भेटले आणि मग दर रविवारी भेटू लागले. चांग यांनी एर्जे यांना चिनी कुंचला धरायला शिकवले, चिनी इतिहास आणि तत्त्वज्ञान सांगितले. झाड, दगड, माणूस यांच्याकडे नीट निरखून पाहिल्याशिवाय रेषा ओढायची नाही, हा धडा एर्जे यांनी तेथेच गिरवला.

‘द ब्लू लोटस’मध्ये याचा पुरावा पानोपानी आहे. शांघायमधील दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या घोषणा खऱ्या चिनी लिपीत आहेत. त्या चांग यांनी लिहिल्या. त्यातील काही साम्राज्यवादाविरोधात, तर काही जपानी मालावर बहिष्कार टाका असे सांगणाऱ्या आहेत. बेल्जियन मुलांना त्या वाचता येत नव्हत्या, पण चिनी वाचकांना येत होत्या.

कथानकही धाडसी होते. जपानने १९३१ मध्ये मुकडेनजवळ रेल्वेमार्गावरील स्फोटाचे निमित्त करून मांचुरियात सैन्य घुसवले होते. युरोपातील अनेक वृत्तपत्रे तेव्हा जपानची बाजू मांडत होती. मुलांच्या पुरवणीतील चित्रमालिकेने मात्र हा बनाव उघडपणे दाखवला. जपानी राजनैतिक अधिकाऱ्यांनी बेल्जियमकडे त्याबद्दल निषेध नोंदवला.

याच कथेत टिनटिन पुरात बुडणाऱ्या एका अनाथ चिनी मुलाला वाचवतो. त्याचे नाव चांगच आहे. युरोपातील लोक चिन्यांविषयी आणि चिनी लोक गोऱ्यांविषयी काय काय समजतात, हे एकमेकांना सांगून दोन्ही मुले पोट धरून हसतात. पाच वर्षांपूर्वी काँगोची चित्रे काढणाऱ्या हाताने हा प्रसंग काढला, म्हणून त्याचे मोल जास्त आहे. येथून पुढे प्रत्येक पुस्तकासाठी छायाचित्रे, कात्रणे आणि नकाशे जमवायची सवय एर्जे यांना लागली, ती कायमची.

मग महायुद्धात एर्जे पुन्हा का घसरले?

चांग १९३५ मध्ये मायदेशी परतले. चीनमधील युद्धाच्या धामधुमीत दोघांचा संपर्क तुटला. मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापले आणि एर्जे यांचे दैनिक बंद पडले. त्यानंतर ते ‘ल स्वार’ या दैनिकात गेले. हे मोठ्या खपाचे वृत्तपत्र नाझींनी ताब्यात घेतले होते. अनेक पत्रकारांनी तेथे काम करण्यास नकार दिला. एर्जे यांनी दिला नाही.

गंमत म्हणजे त्यांचे बरेच उत्तम काम याच काळातले आहे. कॅप्टन हॅडॉक १९४१ मध्ये आला. कागदाच्या टंचाईमुळे पुस्तकांची पाने कमी करावी लागली आणि त्यातून ६२ पानी रंगीत पुस्तकाचा साचा ठरला. तो पुढे युरोपातील चित्रकथांमध्ये रूढ झाला. पण याच काळातील ‘द शूटिंग स्टार’मध्ये खलनायक आहे न्यूयॉर्कचा धनाढ्य सावकार ब्लूमेनस्टाईन. ज्यूंविरोधी व्यंगचित्रांत असायचे तसेच त्याचे नाक आणि तसाच लोभ. ब्रसेल्समधील ज्यूंवर निर्बंध लादले जात असताना हे चित्र छापून येत होते. युद्धानंतर एर्जे यांनी त्याचे नाव आणि देश बदलला, चेहरा मात्र ठेवला.

सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रसेल्स मुक्त झाले. एर्जे यांना वेगवेगळ्या गटांनी चार वेळा अटक केली आणि एक रात्र त्यांना कोठडीत काढावी लागली. त्यांच्यावर खटला चालला नाही, पण सुमारे दोन वर्षे वृत्तपत्रांत काम करण्यास बंदी होती. यातून त्यांना बाहेर काढले ते रेमों लब्लाँ यांनी. नाझींविरोधात भूमिगत लढा दिलेल्या या प्रकाशकाने २६ सप्टेंबर १९४६ रोजी ‘टिनटिन’ साप्ताहिक सुरू केले.

त्यांच्या चित्रशैलीचे वैशिष्ट्य काय?

एर्जे यांच्या चित्रात सगळ्या रेषा जवळपास सारख्या जाडीच्या असतात. छायाप्रकाशासाठी रेघोट्या नसतात आणि रंग सपाट भरलेले असतात. पात्रांचे चेहरे मोजक्या रेषांचे, पण मागची गाडी, विमान किंवा इमारत अगदी बारकाव्यांसह असते. टिनटिनचा चेहरा तर दोन ठिपके आणि दोन-तीन रेषा एवढाच आहे. त्यामुळे वाचक सहज त्याच्या जागी स्वतःला ठेवतो. १९७७ मध्ये डच चित्रकार योस्ट स्वार्टे यांनी या शैलीला ‘स्वच्छ रेषा’ असे नाव दिले.

चंद्रमोहिमेच्या दोन पुस्तकांत ही पद्धत सर्वात ठळक दिसते. एर्जे यांनी रॉकेटची सुटे भाग होणारी प्रतिकृती बनवून घेतली आणि ती पॅरिसला नेऊन अवकाशविज्ञानाचे लेखक अलेक्झांडर अनानॉफ यांना दाखवली. कोणते पात्र कोणत्या खोलीत आहे, हे सहकारी चित्रकारांना चुकू नये, हा हेतू होता. या मोहिमेचे दुसरे पुस्तक १९५४ मध्ये आले. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले त्याच्या १५ वर्षे आधी.

‘टिनटिन इन तिबेट’ वेगळे का मानले जाते?

१९५८ च्या सुमारास एर्जे मानसिकदृष्ट्या खचले होते. पत्नी जर्मेन आणि स्टुडिओतील रंगकाम करणाऱ्या फॅनी यांच्यात त्यांची ओढाताण चालली होती. त्यांना पांढऱ्याशुभ्र रंगाची भयंकर स्वप्ने पडत. झुरिचच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने काम सोडण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही आणि बर्फाने पांढरी झालेली पाने रेखाटायला घेतली.

कथा साधी आहे. हिमालयात विमान कोसळते, त्यात चांग असतो. तो मेला असे सगळे म्हणतात, टिनटिनला मात्र तो जिवंत असल्याची खात्री असते. दिल्लीत थांबून टिनटिन आणि हॅडॉक कुतुबमिनार व लाल किल्ला पाहतात. रस्त्यात आडव्या बसलेल्या गाईशी कॅप्टनची गाठ पडते. नंतर काठमांडूमार्गे ते तिबेटमध्ये शिरतात. पुस्तकात खलनायक नाही. ज्याची सगळ्यांना भीती वाटते त्या यतीनेच चांगची काळजी घेतलेली असते. कोसळलेले विमान आधी एअर इंडियाचे दाखवले होते. कंपनीने हरकत घेतल्यावर पुस्तकात ‘सारी-एअरवेज’ असे काल्पनिक नाव आले.

एर्जे आणि चांग पुन्हा भेटले का?

हो, पण फार उशिरा. चांग शांघायमध्ये शिल्पकार झाले होते आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना बरेच सोसावे लागले. सत्तरच्या दशकात त्यांचा पत्ता लागला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. १८ मार्च १९८१ रोजी चांग ब्रसेल्सला उतरले, तेव्हा मधे ४५ वर्षांहून अधिक काळ गेला होता. दोघेही ७३ वर्षांचे होते. एर्जे आजारी आणि थकलेले होते. या भेटीनंतर दोन वर्षांनी, ३ मार्च १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. चांग पुढे फ्रान्समध्ये राहिले आणि १९९८ मध्ये तेथेच वारले.

टिनटिनचे आज काय?

आपल्यानंतर कोणी टिनटिनच्या नव्या गोष्टी काढू नयेत, अशी एर्जे यांची इच्छा होती. अपूर्ण राहिलेले २४ वे पुस्तक कच्च्या रेखाटनांसह तसेच छापले गेले. भारतात बंगाली वाचकांना टिनटिन ‘आनंदमेला’मधून भेटला. कवी नीरेंद्रनाथ चक्रवर्ती यांच्या अनुवादात कुत्र्याचे नाव ‘कुट्टुस’ झाले. तिबेटची ओळख जगाला करून दिल्याबद्दल २००६ मध्ये दलाई लामा यांच्या हस्ते एर्जे यांच्या प्रतिष्ठानचा सन्मान झाला. अमेरिकेत टिनटिनच्या पहिल्या पट्ट्या १ जानेवारी २०२५ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाल्या आहेत. युरोपात हे हक्क २०५३ अखेरपर्यंत राहतील.

काँगोचे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे की नाही, यावर मतभेद कायम राहतील. ते द्यायचेच असेल तर सोबत ‘द ब्लू लोटस’ही द्यावे. दोन्ही पुस्तके काढणारा माणूस एकच होता. दुसऱ्या वेळी ज्यांच्याविषयी काढायचे त्यांच्यापैकी एकाला शेजारी बसवून त्याने विचारले होते, एवढाच त्या दोन पुस्तकांमधला फरक आहे.