बाळशास्त्री जांभेकर

अक्कलकोट हे आज सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. १८३२ च्या सुमारास या संस्थानच्या युवराजांना शिकविण्यासाठी एका शिक्षकाची नेमणूक झाली. शिक्षकाचे वय अवघे वीस वर्षांचे! परंतु त्याच वर्षाच्या आरंभी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले होते. हे शिक्षक म्हणजे बाळशास्त्री जांभेकर.

कोकणातील पोंभुर्ले गावी १८१२ साली त्यांचा जन्म झाला. संस्कृत विद्येचे पाठ त्यांना वडील गंगाधरशास्त्री यांजकडून मिळाले. पुढे मुंबईस येऊन त्यांनी इंग्रजी व गणित यांत असे प्रावीण्य मिळविले की, १८३४ साली एल्फिन्स्टन येथे साहाय्यक प्राध्यापकाचे पद त्यांजकडे चालून आले. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड हे त्यांचेच विद्यार्थी होत.

तथापि एक गोष्ट त्यांच्या मनास सतत टोचत असे. सृष्टीचे नवे ज्ञान इंग्रजी जाणणाऱ्या मूठभर मुलांपुरतेच राहिले होते. गावोगावच्या मराठी शाळांत अक्षरलेखन व हिशेब यांपलीकडे फारसे काही शिकवीत नसत. शिकवावे म्हटले तरी पुस्तके कोठे होती? पुस्तके लिहावी तर मराठीत शब्दच नव्हते. बाळशास्त्र्यांनी दोन्ही कामे अंगावर घेतली. भूगोल, व्याकरण, इतिहास यांवर त्यांनी शालोपयोगी पुस्तके लिहिली. गणिताच्या एका कठीण शाखेवर ‘शून्यलब्धिगणित’ नावाचा ग्रंथ रचला. हे नाव पुढे टिकले नाही; आज आपण ‘कलन’ हा शब्द वापरतो. पण कोणी तरी पहिला शब्द घडविल्यावाचून दुसरा, अधिक सोयीचा शब्द सुचत नाही. १८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. त्यात भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान अशा विषयांवरील लेख मराठीत येत.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेशीही त्यांचा निकट संबंध आला. तेथील प्रमुख आर्लिबार हे एल्फिन्स्टनमध्ये गणित व विज्ञान शिकवीत. म्हणजे शाळा व वेधशाळा यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच. चुंबकसूचीची हालचाल, हवेचा दाब, उष्णता यांची नोंद ठरलेल्या वेळी करावयाची, हे तेथील काम होते. काही काळ वेधशाळेची सूत्रे बाळशास्त्र्यांच्या हाती होती.

१८४५ साली शिक्षक तयार करणारा अध्यापनवर्ग मुंबईत निघाला व तो त्यांजकडे सोपविण्यात आला. शाळा तपासण्याचे कामही त्यांजकडे होते. कोणत्या शाळेत काय उणे आहे हे स्वतः पाहावे आणि ते भरून काढणारे शिक्षक स्वतःच घडवावे, अशी ही दुर्मीळ संधी होती. पण ती त्यांना फार दिवस लाभली नाही. १८४६ च्या मे महिन्यात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते निधन पावले. अध्यापनवर्ग तेव्हा नुकताच मूळ धरीत होता.

कुलाबा वेधशाळेतच तरुणपणी काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे पुढे नामांकित प्राध्यापक झाले. त्यांनी शाळांसाठी अंकगणिताची व पदार्थविज्ञानाची पुस्तके मराठीत लिहिली.