अंजुमनचे शिल्पकार न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेची भव्य वास्तू उभी आहे. मुंबईच्या मुस्लिम समाजात आधुनिक शिक्षण रुजविणाऱ्या या संस्थेचे एक प्रमुख संस्थापक म्हणजे न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी.

तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबात झाला. मदरशातील शिक्षणानंतर त्यांनी एल्फिन्स्टन संस्थेत प्रवेश घेतला. पुढे इंग्लंडला जाऊन १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत.

त्या काळी मुंबईचा मुस्लिम समाज बोहरा, खोजा, मेमन, कोकणी अशा अनेक जमातींत विभागलेला होता. त्यांच्या भाषा व चालीरीती वेगवेगळ्या होत्या. इंग्रजी शिक्षणाने धर्मश्रद्धा डळमळीत होईल, या भीतीमुळे अनेक पालक मुलांना नव्या शाळांत पाठवीत नसत. परिणामी विद्यापीठ, न्यायालये आणि सरकारी नोकऱ्यांत हा समाज मागे पडू लागला होता.

या स्थितीवर उपाय म्हणून १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दिन यांचे ज्येष्ठ बंधू कमरुद्दिन आणि नाखुदा महंमद अली रोगे हेही या कार्यात अग्रभागी होते. १८८० मध्ये संस्थेची पहिली शाळा सुरू झाली. धर्मशिक्षण आणि आधुनिक विषय एकाच छताखाली मिळू लागल्याने पालकांचा विश्वास वाढला. बोरीबंदरसमोरील वास्तू १८९३ मध्ये पूर्ण झाली. तय्यबजी १८९० पासून अखेरपर्यंत संस्थेचे अध्यक्ष होते.

स्वतःच्या समाजासाठी वेगळी संस्था उभारताना त्यांनी राष्ट्रीय कार्याशी असलेले नाते तोडले नाही. १८८७ मध्ये मद्रास येथे झालेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. मुस्लिमांनी काँग्रेसपासून दूर राहावे, ही सर सय्यद अहमद खान यांची भूमिका त्यांना मान्य नव्हती. त्याच वेळी, मुस्लिम प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असलेले विषय काँग्रेसने चर्चेस घेऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

१८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी नाकारण्यात आलेला जामीन तय्यबजी यांनी मंजूर केला. १९०२ मध्ये त्यांनी प्रभारी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले.

स्त्रीशिक्षणाचे ते खंदे पुरस्कर्ते होते. आपल्या मुलींना त्यांनी आधुनिक शिक्षण दिले. १९०३ च्या मुंबईतील मुस्लिम शैक्षणिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कडक पडदापद्धतीस विरोध केला.

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. एका शाळेपासून सुरू झालेल्या अंजुमनच्या कार्याचा विस्तार आज बालवाडीपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत झाला असून, तेथे सर्व धर्मांचे विद्यार्थी शिक्षण घेत आहेत.